म्हातारचळाचा इतिहास

आमचे हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. तेथे एखादा म्हातारा आपल्याच घराची वाट चुकला, तर त्याला काय झाले हे सांगण्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ‘म्हातारचळ’ हा शब्द तयारच असतो. बोलणारा थोडा सौम्य असला तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो आणि पुढे जातो. कोणी भानामतीकडे बोट दाखवतो, कोणी सुनेकडे. सुनेकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे, कारण तिला उत्तर देण्याची मुभा नसते.

ह्या शब्दांच्या मागे दडलेला आजार, आणि तो समजून घेण्यासाठी माणसाने गेली सव्वाशे वर्षे केलेली खटपट, हा माझा आजचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे सारे वाचन संघटनेच्या कचेरीत रात्री दिव्याखाली आणि एस.टी.च्या खिडकीशी झाले. परंतु ह्या विषयाकडे मी पुस्तकांतून आलो नाही, घरातून आलो. तेव्हा प्रथम घरचे सांगतो.

माझी माय पंच्याहत्तरीपुढे गेली तेव्हा नावे विसरू लागली. त्याचे कोणाला काही वाटले नाही. मग दळण आणायला गेलेली माय डबा गिरणीत ठेवून भलत्याच गल्लीत सापडू लागली. जेवून तास होत नाही तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “सकाळपासून पोटात घास नाही.” गावाने ऐकले आणि निकाल दिला : सून सासूला उपाशी ठेवते. माझी बायको हे पाच वर्षे ऐकत होती. मी त्या काळात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेत होतो, आठ तासांच्या दिवसावर भाषणे करत होतो. घरी आठवड्यातून एकदोनदा येई. खरे सांगायचे तर गावाच्या निकालावर माझाही अर्धा विश्वास बसला होता, आणि एकदा मी बायकोला तसे बोललो. तिने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तिने मायला माझ्यासमोर जेवू घातले, ताट उचलले, आणि मला म्हणाली, “आता इथंच बसा.” तासाभराने माय माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, मला कोणी जेवू घालंल का?” दादा हे तिच्या थोरल्या भावाचे नाव होते. तो वारून वीस वर्षे झाली होती.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. दिवस मावळला की माय धान्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राही आणि कोणाला तरी सांगे, “आतमधी कोणी नाही. जा तुम्ही.” तिन्हीसांजेला अशा रोग्यांची घालमेल वाढते हे डॉक्टरांना ठाऊक असते, आम्हांला नव्हते. आम्ही तिला हाताला धरून ओढत असू आणि ती ओरडत असे. आम्ही आमच्यापुरता अर्थ लावला होता : रझाकार. माय १९४० च्या सुमाराची, म्हणजे निजामी राजवटीच्या अखेरीस आठ वर्षांची. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. तेव्हा मायच्या डोळ्यांपुढे रझाकारच असणार. पुढे थोरली मावशी राहायला आली, तिने हा प्रकार पाहिला आणि ती खाली बसली. ती म्हणाली, रझाकार नव्हेत. पोलीस कारवाईनंतर काही आठवडे सुडाचे वारे उलट्या दिशेने वाहिले, तेव्हा आजोबांनी शेजारचे मुसलमान कुटुंब बळदाच्या खोलीत तीन रात्री लपवले होते. पोरीचा संशय येणार नाही म्हणून दाराशी मायला उभी केली होती.

त्या आठवड्यांत संस्थानात काय घडले ते पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल ह्यांची समिती १९४८ च्या अखेरीस फिरली होती. तिचा अहवाल पुढे कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आमच्या मायनेही तो प्रसिद्ध केला नव्हता. साठपासष्ट वर्षे तिने आम्हांला हे सांगितले नाही, आणि बाकीचे सगळे पुसले गेल्यावर तेवढेच उरले. स्मरणशक्ती ढासळते तेव्हा नवे आधी जाते आणि जुने शेवटी, असे रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे. मावशीने सांगितल्यावर माझ्या बायकोने ओढाताण बंद केली. ती मायच्या जवळ जाऊन हळूच म्हणे, “गेले ते सगळे. आता उघडा दार.” मग माय बाजूला होई.

आता फ्रँकफर्टला चला. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्या जर्मन शहरातील वेड्यांच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिचे नाव औगुस्ट डेटर. नवरा रेल्वेत कारकून. घरात ती वस्तू लपवू लागली होती, स्वयंपाक बिघडवू लागली होती, नवऱ्याचा संशय घेऊ लागली होती. आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून घेतली. नवऱ्याचे नाव विचारले तर तिने स्वतःचेच नाव सांगितले. दुपारी ती फुलकोबी आणि डुकराचे मांस खात होती. काय खातेस म्हणून विचारले तर म्हणाली, पालक. मला ह्या टिपणाचे मोल फार वाटते. त्या काळचे डॉक्टर अशा बाईकडे पाहून नुसता शेरा लिहीत. हा गृहस्थ तिचे म्हणणे लिहून घेत होता. कामगाराची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, हे आम्हांला संघटनेत पहिल्या दिवशी शिकवतात.

औगुस्ट ८ एप्रिल १९०६ रोजी वारली. अल्झायमरने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या मध्ये साचलेला मळ आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता त्याला दिसला. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्यूबिंगेन येथील डॉक्टरांच्या सभेत त्याने हे मांडले. सभेत एकही प्रश्न आला नाही. चार वर्षांनी, १९१० मध्ये, क्रेपेलिन ह्या त्याच्या वरिष्ठाने आपल्या पाठ्यपुस्तकात ह्या रोगाला ‘अल्झायमरचा रोग’ असे नाव दिले. रोगाला डॉक्टरचे नाव मिळाले. बाईची कागदपत्रे मात्र नाहीशी झाली होती. ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्याच दफ्तरखान्यात सापडली.

येथे एक मौजेची गोष्ट घडली. औगुस्ट पन्नाशीतली होती, म्हणून हा रोग लवकर येणारा आणि दुर्मीळ, असे विद्वानांनी धरले. साठी-सत्तरीनंतरचे विसरणे म्हणजे निव्वळ वार्धक्य. म्हणजे युरोपातल्या प्राध्यापकांचे आणि हसनाबादच्या पारावरच्या मंडळींचे मत पुढील पन्नास-साठ वर्षे एकच होते! इंग्लंडात न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ ह्या तिघांनी म्हाताऱ्या माणसांचे मेंदू तपासून १९६८ मध्ये दाखवून दिले की, तोच मळ आणि तोच गुंता तेथेही आहे. १९७६ मध्ये कॅट्झमन ह्या अमेरिकन डॉक्टरने रोखठोक लिहिले की, हे दोन रोग नाहीत, एकच आहे, आणि तो फार मोठ्या प्रमाणात माणसे मारतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण शास्त्राच्या दरबारात रद्द झाली ती इतक्या उशिरा. आमच्या पारावर ती अजून चालू आहे.

आपल्याकडे जुन्या काळी हे नव्हते, एकत्र कुटुंबात असे होत नसे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विचारतो, मग ‘म्हातारचळ’ हा शब्द आला कोठून? ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. चरकसंहितेतही स्मृतीचा भ्रंश हे दुःखाचे एक कारण म्हणून सांगितले आहे, जरी त्या दोन्ही ठिकाणी अर्थ ह्या रोगाचा नाही. खरी गोष्ट एवढीच की, १९५१ च्या सुमारास ह्या देशात सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होते. बाळे मरत म्हणून सरासरी खाली होती, हे खरे. पण सत्तरीला पोचणारी माणसेही त्या मानाने थोडीच. आता सरासरी सत्तरीच्या आसपास गेली आहे. देवी गेली, पटकी हटली, पाणी बरे झाले, आणि म्हाताऱ्यांची संख्या वाढली. देशभरातील वृद्धांची पाहणी करून २०२३ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणे साठीवरील दर शंभरांत सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. हा शहरी श्रीमंतांचा रोग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

ह्या कामाला आपल्या देशात संघटित रूप आले ते केरळात. तेथे १९९२ मध्ये ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी’ स्थापन झाली. १९९८ मध्ये कोचीच्याच एका परिषदेत ‘१०/६६’ नावाचा संशोधकांचा गट उभा राहिला. नावात हिशेब आहे : जगातले ६६ टक्के रोगी गरीब देशांत, आणि त्यांच्यावरचे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. असे नाव एखाद्या युनियनवाल्याला सुचायला हवे होते.

परंतु माझ्या दृष्टीने ह्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आपल्या शेजारच्या गोव्यात लिहिले गेले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स ह्यांनी तेथील लोकांना अशा रोग्याचे वर्णन ऐकवून विचारले की, तुम्हांला हे ओळखीचे वाटते काय? २००१ मध्ये त्यांनी उत्तरे प्रसिद्ध केली. लोकांनी वर्णन लगेच ओळखले. मात्र हा आजार आहे हे कोणी मानले नाही. म्हातारपणी असे व्हायचेच, आणि कारण विचाराल तर घरच्यांची हेळसांड, छळ, माया आटलेली! घरची देखभालही वाटते तितकी भरवशाची नव्हती. ती पुष्कळदा वारशाच्या आशेवर टांगलेली होती, हेही त्यांनी लिहिले. मी हे वाचले तेव्हा माय जाऊन काही वर्षे झाली होती. ते कागद मी बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे गोव्यातही तेच.” आणि भाकरी थापू लागली.

त्याच गोव्यात अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. डॉक्टर थोडे, घरे अनेक. म्हणून त्यांनी बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना आठवडाभर शिकवून तयार केले आणि पंधरा दिवसांतून निदान एकदा रोग्याच्या घरी पाठवले. त्यांनी जाऊन काय करायचे? आजार समजावून सांगायचा, रोगी मुद्दाम करत नाही हे सांगायचे, अंघोळ-जेवणाच्या युक्त्या सांगायच्या, देखभाल करणारीचे ऐकून घ्यायचे. ८१ कुटुंबांवर सहा महिने हा प्रयोग झाला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : देखभाल करणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. औषध नव्हे, यंत्र नव्हे. कोणीतरी दार वाजवून आत आले, एवढेच.

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. स्मृतिभ्रंशाच्या घरातल्या सुनेला अजून रविवार नाही. मी तीस वर्षे कामाचे तास मोजतो आहे. माझ्या स्वतःच्या घरातले तास मी मोजले नव्हते. असो.

नावाचाही एक धडा आहे. जपानात ह्या रोगाला जो शब्द रूढ होता त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. सरकारने २००४ मध्ये तो बदलून ‘निन्चिशो’ हा शब्द आणला. आकलनाचा विकार, असा त्याचा साधारण अर्थ. शब्द बदलल्याने मेंदू सुधारत नाही, पण शेजाऱ्याला दारात उभे राहणे सोपे जाते. आपल्याकडे ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आहे, तो चांगला आहे, पण तो अजून दवाखान्याच्या पाटीवरच आहे.

मराठी माणसाला हा रोग आतून दाखवण्याचा मोठा प्रयत्न चित्रपटाने केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा ‘अस्तु’ हा २०१३ चा चित्रपट. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. ती भूमिका डॉ. मोहन आगाशे ह्यांनी केली. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला रोगाचे नाव ठाऊक नाही, ग्रंथ ठाऊक नाहीत. हा म्हातारा लेकरू झाला आहे एवढे तिला कळते आणि ती त्याला लेकरासारखे सांभाळते. मुलीला मात्र बाप हवा असतो, म्हणून तिला अधिक कठीण जाते. मला माझी बायको आणि मी आठवलो.

चित्रपटापुढचे पाऊल म्हणजे आभासी वास्तव, ज्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. डोळ्यांवर पेटी चढवायची. मान वळवाल तिकडचे दृश्य दिसते, जणू आपण तेथेच उभे आहोत. अल्झायमर्स रिसर्च यूके ह्या ब्रिटिश संस्थेने २०१६ मध्ये असे तीन प्रसंग तयार केले, दुकानातला, रस्त्यावरचा आणि घरचा, आणि ते मोबाइलवर पुठ्ठ्याच्या स्वस्त पेटीतून पाहता येतील अशी सोय केली. पुण्यात एका सभेनंतर एका तरुणाने मला ते दाखवले. दुकान विलायती, बोलणे इंग्रजी, मला निम्मे कळले नाही. पण रस्त्यातले पाण्याचे डबके खोल खड्ड्यासारखे दिसू लागले तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय आखडून घेतला. आमची माय न्हाणीच्या काळ्या फरशीवर पाय ठेवत नसे, त्याचे कारण मला तेव्हा कळले. जपानात सिल्व्हर वुड नावाच्या कंपनीने केलेल्या प्रसंगात पेटी घालणारा माणूस उंच इमारतीच्या कडेवर उभा असतो आणि बाजूची माणसे हसतमुखाने सांगतात, उतरा, पाय टाका. घडत असते एवढेच की, त्याला मोटारीतून उतरवत आहेत.

यंत्राचे कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते डोळ्यांची फसगत दाखवते. विसरणे दाखवू शकत नाही. पेटी घातलेल्याला आपले नाव आठवत असते आणि दहा मिनिटांनी ती काढता येते हेही ठाऊक असते. शिवाय बळदाच्या दाराशी उभी असलेली आठ वर्षांची मुलगी कोणत्या पेटीत दिसणार? त्यासाठी मावशीच यावी लागते. तरीही मी ह्या यंत्राच्या बाजूचा आहे. मात्र आमच्यासाठी ते करायचे तर त्यात आमचे प्रसंग हवेत : एस.टी. स्थानकावरचा कल्ला, रेशन दुकानातले अंगठा न घेणारे यंत्र, मागे खोळंबलेली रांग.

पेटी नाही म्हणून काम अडत नाही. अमेरिकेत पी. के. बेव्हिल ह्या बाईंनी फार पूर्वीच विनापेटीची रीत काढली होती : धूसर चश्मा, जाड हातमोजे, बुटात टोचणारे तळ, कानांत गोंगाट, आणि करायला रोजचीच कामे. गेल्या हिवाळ्यात हसनाबादेत आशाताई आणि अंगणवाडीताईंची बैठक होती, मानधनाच्या मागणीवर. ती आटोपल्यावर मी सामान काढले. कारखान्यातले जाड हातमोजे, वेल्डिंगचे चष्मे, चपलांत घालायला ज्वारीचे दाणे. दोन मोबाइल, एकावर भजन आणि एकावर बातम्या, पूर्ण आवाजात. कामे पाच, एकदाच आणि भरभर सांगितली : पाच रुपयांची नाणी वेगळी काढा, पोलक्याची घडी करा, सुईत दोरा ओवा, पेल्यात पाणी भरा, कागदावर पत्ता लिहा. पहिल्या बाईने नाणी काढली, मग घडी केली, आणि मध्येच थांबून उभी राहिली. दुसरीने तीच घडी तीनदा घातली. तिसरी माझ्यावरच चिडली : “तुम्ही सुईचं सांगितलंच नव्हतं.” सगळ्या हसल्या. मग हसू विरले, कारण हे वाक्य त्यांतल्या प्रत्येकीने कोणा म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकले होते. एक ताई भिंतीकडे तोंड करून बसली. तिची सासू घरी कडीकुलपात होती.

त्या बैठकीत मी दोन गोष्टी कळवळून सांगितल्या. विसरणे वाढले की डॉक्टरला दाखवा, कारण थायरॉइडच्या दोषाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही माणूस विसरतो आणि ते उपचाराने सुधारते. खऱ्या अल्झायमरला बरे करणारे औषध आजही नाही. परदेशांत मंजूर झालेली नवी औषधे सुरुवातीच्या अवस्थेत रोगाचा वेग थोडा कमी करतात, इतकेच. म्हणून रोग्याला सांभाळणाऱ्या माणसाला सांभाळणे हाच आज हातातला उपाय आहे.

आशाताई घरोघर जाऊन आरोग्याचा जो कागद भरते, त्यात साठीवरील माणसांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता काय? २००५ पासून ही योजना चालली आहे; सरकारच्या लेखी आशा ही कामगार नाही, स्वयंसेविका आहे, तरी देशातल्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न विचारणारी तीच. आमच्या ताई सांगत की, ह्या प्रश्नापुढे नेहमी ‘नाही’ येते. घरचे लोक लाजेने ‘नाही’ म्हणतात, आणि ताईही वेळ नसल्याने पुढे जाते. त्या बैठकीनंतर त्यांनी हा प्रश्न बसून, पाणी मागून घेऊन, दोनदा विचारायला सुरुवात केली. काही घरांतून ‘हो’ आले. ज्या ताईने भिंतीकडे तोंड केले होते तिने पहिला ‘हो’ आपल्याच घरचा लिहिला.

‘हो’ लिहिलेल्या ह्या माणसांना पुढे कोठे पाठवायचे, कोण त्यांच्या दारी जाणार, आणि जाणारीला त्याचे काय मिळणार, असे आम्ही संघटनेतर्फे वर लेखी विचारले आहे. पत्राची पोच आमच्याजवळ आहे. उत्तर आलेले नाही. ताई पुढच्या महिन्यात पुन्हा त्या घरांना जाणार आहेत.